डोळ्यांनी शिकलेलं इंग्लिश

आयईएलटीएसचा, म्हणजे परदेशी शिकायला जाताना इंग्लिशची जी परीक्षा देतात तिचा, रिझल्ट येऊन तीन आठवडे झाले आणि तेव्हापासून कॉलेजच्या ग्रुपवरची निम्मी पोरं एकच विचारतायत, की लिसनिंगला काय केलंस, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून माझा घसा बसायची वेळ आलीय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी माझी कुंडली. विट्याजवळचं गाव, मराठी शाळा, आठवीपासून सेमी, नंतर पुण्यात मेकॅनिकल. म्हणजे इंग्लिश वाचलंय भरपूर, लिहिलंय पण भरपूर, पण ऐकलंय कुठं? कॉलेजात पुस्तक इंग्लिश, पेपर इंग्लिश, आणि वर्गात सर मात्र "हे बघा, पिस्टन वर गेला की काय होणार, गॅस दाबला जाणार" असं अस्सल आपल्या भाषेत. बारावीच्या तोंडी परीक्षेला सरांनी एक उतारा वाचून दाखवला होता, तो पण आमच्याच चालीत, एकेक शब्द सुटा सुटा, ताटात वाढल्यासारखा. झालं, माझं आयुष्यातलं लिसनिंग तेवढंच. आणि मी मनात समजून चाललो होतो की आपल्याला इंग्लिश येतं.

जर्मनीत मास्टर्सला अर्ज करायचं ठरलं. इंग्लिशमधून शिकवणारे जे कोर्स मी बघून ठेवले होते त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ६.५ बँड लागत होते (बँड म्हणजे ह्या परीक्षेचे मार्क, नऊपैकी). घरी बसून पहिली सराव परीक्षा दिली. रीडिंगला ४० पैकी ३३. लय भारी वाटलं. लगेच लिसनिंग लावलं. २१.

साधारण २३ बरोबर आले की ६ बँड, ३० ला ७ आणि ३५ ला ८, असा ढोबळ हिशोब आहे, पेपरप्रमाणं एखाद्या मार्काचा फरक पडतो. म्हणजे मी सहाच्या पण खाली. आणि ते २१ पण कसे, तर पहिल्या भागात ९, आणि पुढं पुढं जी घसरण लागली ती चौथ्या भागात येऊन ३ वर थांबली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार भाग, प्रत्येकात १० प्रश्न, ऑडिओ साधारण अर्ध्या तासाचा. पहिल्यात दोघं जण काहीतरी साधं बोलतायत, हॉलचं बुकिंग, भाड्याची खोली असलं. दुसऱ्यात एकच जण माहिती देतोय, एखादं म्युझियम, एखादी बाग. तिसऱ्यात कॉलेजची पोरं नाहीतर पोरं आणि सर प्रोजेक्टवर चर्चा करतायत. चौथ्यात डायरेक्ट लेक्चर, मध्ये श्वास घ्यायला पण थांबत नाहीत. आणि सगळं एकदाच वाजतं. गेलं ते गेलं.

तर २१ आल्यावर मी जे केलं ते चुकीचं होतं आणि बहुतेक सगळे तेच करतात म्हणून सांगतो. मी रोज एक टेस्ट सोडवायला लागलो. टेस्ट लावायची, उत्तरं तपासायची, मार्क वहीत लिहायचे, वाईट वाटून घ्यायचं आणि रूमजवळच्या, नऱ्ह्यातल्या टपरीवर जाऊन चहा प्यायचा. महिनाभर हेच. २२, २४, २१, २३, परत २२. सेन्सेक्स तरी वर जातो कधीतरी. शिवाय "एका महिन्यात ८ बँड" वाल्या रील्स बघून बघून डोक्याचं दही झालेलं ते वेगळंच, त्यातला एक जण सांगतो कीवर्डवर गोल करा, दुसरा सांगतो गोल करू नका रेघ मारा. अरे बाबा, मला शब्दच ऐकू येत नाहीयेत, गोल कशाला मारू?

मग एक दिवस असंच रात्री जेवता जेवता लेथ मशीनवर (लोखंड गोल फिरवून कापतात ते) काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या इंग्रजाचा व्हिडिओ बघत होतो, मशीनसाठी, इंग्लिशसाठी नाही. सबटायटल बंद होते. तो सारखा "लेद, लेद" म्हणत होता आणि मला दोन मिनिटं कळेना की हा कशाबद्दल बोलतोय, वाटलं लेदर वगैरे काहीतरी असेल, पट्टा बिट्टा. समोर मशीन दिसतंय, बरं का. मग ट्यूब पेटली. लेथ! चार वर्षं ज्या मशीनवर लोखंडाचे जॉब कापून काढले, ज्यावर व्हायव्हा दिली, त्याचं नाव त्याच्या गावात लेद आहे आणि मला ते ओळखता आलं नाही.

हातातला घास तसाच राहिला. रूममेट म्हणाला काय झालं, मी म्हटलं मला इंग्लिश येत नाही. तो म्हणाला ते मला माहितीय, भाजी वाढ.

दुसऱ्या दिवशीपासून टेस्ट बंद केल्या आणि एक शंभर पानी वही आणली. पद्धत काही माझा शोध नाही, आयईएलटीएसचा क्लास लावला होता तिथल्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितली होती, आम्ही कोणीच केली नव्हती कारण ती कंटाळवाणी आहे. एका मिनिटाचा ऑडिओ घ्यायचा. एकेक वाक्य थांबवून, मागं नेऊन, ऐकू येईल तसं लिहून काढायचं, शाळेतल्या शुद्धलेखनासारखं. पाच वेळा ऐकून पण कळलं नाही तर तिथं रिकामी जागा सोडायची. मग छापील मजकूर काढायचा आणि लाल पेनानं स्वतःची वही तपासायची. पहिल्या दिवशी एका मिनिटाला माझी चाळीस मिनिटं गेली. मान दुखली, कान गरम झाले.

आठवड्यानं बसून लाल खुणा मोजल्या. ११२ भरल्या. आणि त्यात मला खरोखर अर्थ माहीत नव्हता असे शब्द होते फक्त १४. बाकी ९८ ठिकाणी शब्द माझ्या ओळखीचा, अगदी पाचवीपासून ओळखीचा, फक्त समोरून आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. म्हणजे मी महिनाभर जी शब्दांची यादी पाठ करत होतो ती १४ चुकांसाठी.

आता ह्या ९८ मध्ये काय काय होतं ते सांगतो कारण सगळी गोम इथंच आहे.

एक तर आपण आयुष्यभर चुकीचे उच्चार घेऊन फिरतो. माझ्या डोक्यात "कम्फर्टेबल" होतं, ते म्हणतात कम्फ्टबल. "व्हेजिटेबल" ते व्हेज्टबल. प्लंबरमधला ब मी डोक्यात कायम वाजवायचो, रिसीटमधला प पण. "डिटरमाइन" असं मी जाहीर भाषणात पण म्हटलंय, ते डिटर्मिन निघालं. हे सगळे शब्द मी डोळ्यांनी शिकलेले, स्पेलिंग बघून मनातल्या मनात उच्चार ठरवलेले. देवनागरी वाचायची सवय, जे लिहिलंय ते वाचायचं, आपल्याकडं साधारण तसंच चालतं. तिकडं तसं चालत नाही हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि कानाला सवय असणं वेगळं.

दुसरं म्हणजे शब्द एकमेकांना चिकटतात. "पुट इट ऑन" असं कोणी म्हणत नाही, पुटिटॉन म्हणतात. "डिड यू" चं डिजू. "शुड हॅव बीन" चं शुडव्बिन, मी वहीत लिहिलेलं "शूड विन", आणि वर प्रश्नचिन्ह, की कोण जिंकायला पाहिजे होतं? "लॉ अँड ऑर्डर" मध्ये तर ब्रिटिश माणूस चक्क एक र घुसवतो, लॉरंडॉडऽ, जो तिथं स्पेलिंगमध्ये नाहीच. आणि जिथं र लिहिलाय तिथं गिळतो. कार म्हणजे काऽ. असो, त्यांची भाषा.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, ते बारके बारके शब्द. ऑफ, टू, फॉर, अँड, हॅव, कॅन, वॉज. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा मान देतो. इंग्लिशमध्ये महत्त्वाच्या शब्दावर जोर पडतो आणि मधले सगळे चिरडले जातात, टू चं ट, फॉर चं फ, ऑफ चं नुसतं अ. मला हे तेव्हा कळलं जेव्हा गावच्या यात्रेत हलगी ऐकत होतो. जोराचा ठोका पडतो तो खणखणीत ऐकू येतो, मधली बारीक काडी तेवढी ऐकू येत नाही पण ती आहे हे आपल्याला ताल माहीत असल्यामुळं कळतं. इंग्लिशचं अगदी असंच आहे. मी प्रत्येक काडी ऐकायला बसलो होतो, त्या नादात ठोका पण चुकायचा.

कॅन आणि कान्ट ह्याच्यावर तर वहीची दोन पानं भरलीत. ब्रिटिश बोलला तर सोपं, "कन" म्हणजे होय आणि लांब "कान्ट" म्हणजे नाही. अमेरिकन बोलला की शेवटचा ट गायब, मग जोर कुठं पडला त्यावरून ओळखायचं. जोर नसला तर होय, जोर असला तर बहुतेक नाही. तसंच थर्टी आणि थर्टीन. मागं जोर पडला की टीन असं सगळे सांगतात, पण "थर्टीन पीपल" म्हणताना जोर पुढं सरकतो, त्यामुळं तो नियम डोळे झाकून वापरायचा नाही, शेवटच्या न कडं कान ठेवायचा.

वही सुरू केल्यावर दुसरा त्रास. नऱ्ह्यातली आमची रूम हायवेच्या बाजूला, नवले पुलाकडं जाणारे ट्रक रात्रभर हॉर्न मारत जातात, हेडफोन घालून पण ऐकू येतं. म्हणून सदाशिव पेठेत अभ्यासिका लावली. आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले, पुढ्यात लक्ष्मीकांतचं राज्यघटनेवरचं जाड पुस्तक, आणि मध्ये मी कानात हेडफोन घालून ऑडिओच्या मागोमाग तोंडातल्या तोंडात पुटपुटतोय. मागोमाग बोलायची ही सवय पण मॅडमनीच लावली, बोलणारा थांबायच्या आत त्याच्याच चालीत तेच म्हणायचं. अर्थाकडं बघायचं नाही, चाल पकडायची. जे तोंडातून निघतं ते कानाला लवकर ओळखू येतं, हा माझा अनुभव. पण तीन दिवसांनी शेजारचा भाऊ म्हणाला, "मित्रा, जप करायचा असेल तर बाहेर पॅसेजमध्ये कर ना." तेव्हापासून पॅसेज.

ऐकायला काय लावायचं, हे सगळे विचारतात. मी बीबीसीचे सहा मिनिटांचे इंग्लिश शिकवणारे एपिसोड लावले, त्यांचा मजकूर सोबत मिळतो म्हणून, लाल पेनाला छापील काहीतरी लागतंच. नंतर परीक्षेचेच जुने ऑडिओ. पिक्चर आणि सीरिज बघून पण होतं म्हणतात, माझं नाही झालं, कारण सबटायटल चालू असले की मी वाचतो आणि बंद केले की हिरोच्या तोंडाकडं बघून अंदाज लावतो, कान बसतात झोपून.

मात्र एक गोष्ट मला लहानपणापासून इंग्लिशमध्ये नीट कळत होती हे मला मध्येच आठवलं. क्रिकेटची कॉमेंट्री! ऑस्ट्रेलियात मॅच असली की पहाटे पाचला उठून बाबांच्या शेजारी गोधडीत बसून बघायचो, तिथले कॉमेंटेटर नाकात बोलायचे, तरी सगळं कळायचं. का? कारण फिल्ड दिसतंय, स्लिप लावल्यात, बॉलर कोण माहितीय, आता काय बोललं जाणार ह्याचा निम्मा अंदाज आधीच आहे. ऐकणं म्हणजे निम्मं आधीच ओळखून ठेवणं असतं. हे डोक्यात बसलं आणि मग प्रश्नपत्रिकेकडं बघायची नजर बदलली. ऑडिओ सुरू व्हायच्या आधी जे अर्धा मिनिट देतात त्यात मी आधी नुसता घाबरून बसायचो, आता फिल्ड बघायला लागलो. ह्या रिकाम्या जागेत आकडा येणार, इथं कुणाचं तरी आडनाव, इथं आधी "a" नाहीये म्हणजे बहुतेक अनेकवचन असणार. तो शेवटचा स मला आज पण धड ऐकू येत नाही, मी व्याकरणावरून लिहितो. तिकीट की तिकिट्स ह्यावर मार्क जातो, अर्धा नाही, पूर्ण.

स्पेलिंगला पण पूर्ण मार्क जातो. अकोमोडेशनमध्ये दोन सी आणि दोन एम, वेन्सडेमध्ये मुका डी, फेब्रुवारीतला पहिला आर. रूममेट रात्री झोपताना मला आडनावं स्पेलिंग करून सांगायचा, एकेक अक्षर फास्ट, मी अंधारात मोबाइलवर टाइप करायचो. ए, ई आणि आय ह्यांचा घोळ सगळ्यात जास्त, त्यात ऑस्ट्रेलियन माणूस ए म्हणतो तेच आपल्याला आय ऐकू येतं. फोन नंबर सांगताना झिरोला "ओ" म्हणतात आणि ४४ ला "डबल फोर", हे मात्र आपल्याला सोपं, आपण पण डबल फोरच म्हणतो.

न्यूझीलंडवाला भेटला तर अजून मजा. त्याचं पेन म्हणजे आपल्याला पिन, आणि टेन म्हणजे टिन. घाबरायचं नाही, दोन वाक्यं जाऊ द्यायची, कान बसतो. आपल्याकडं कोल्हापूरचा माणूस नागपूरला गेला की पहिला अर्धा तास जे होतं तेच.

सगळ्यात जास्त फसवतात ते पहिल्या भागातच. बाई म्हणते मंगळवारी या, तुम्ही खूश होऊन मंगळवार लिहिता, आणि ती पुढं म्हणते, अरे हो, मंगळवारी तर आमचं बंद असतं, गुरुवार चालेल का. उत्तर गुरुवार. पहिलं ऐकलं की लगेच पेन टेकवायचं नाही, एक श्वास थांबायचं. तिसऱ्या भागात वेगळी फसवणूक, तिथं पोरं एकमेकांना तोंडावर नाही म्हणतच नाहीत. "आय सपोज सो" म्हणतो तेव्हा त्याला पटलेलं नसतं, नुसतं होकार देऊन विषय संपवलेला असतो. हे मला जड जायला नको होतं खरं तर, आपल्याकडं पण "बघू" म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहितीय.

आणि नकाशा! दुसऱ्या भागात कधीकधी बागेचा नाहीतर कॉलेजचा नकाशा देतात आणि "रिसेप्शनच्या पुढं जा, उजव्या हाताला वळा, तळ्याच्या पलीकडं" असं सांगत सुटतात. मी पहिल्या वेळेस तिथंच हरवलो, दहा मार्कांपैकी पाच त्या बागेत राहिले. मग युक्ती केली, रोज संध्याकाळी रूमवर जाताना स्वतःलाच इंग्लिशमध्ये रस्ता सांगायचो, मेडिकलच्या समोर, मारुतीच्या देवळाच्या मागं, शेवटच्या टोकाला. लोकांना वाटलं असेल पोरगा हेडफोनवर मैत्रिणीशी बोलतोय. वाटू दे.

एक सवय तोडायला मात्र दोन महिने गेले. मी ऐकता ऐकता मनात मराठी करायचो. एक वाक्य मराठीत उतरेपर्यंत पुढची दोन निघून जायची. त्याहून वाईट म्हणजे एखादं उत्तर हुकलं की मी त्याच्याच मागं पळायचो, काय होतं, काय म्हणाला तो, आणि त्या नादात पुढची तीन उत्तरं पण जायची. एसटी चुकल्यावर स्टँडवर उभं राहून तिच्या नंबरप्लेटचा विचार करत बसलो की पुढची पण डोळ्यासमोरून जाते, तसं. शेवटी स्वतःला सक्तीच केली, हुकलं की लगेच बोट पुढच्या प्रश्नावर ठेवायचं. खरंच बोट ठेवायचो, आधी कागदावर, शेवटी शेवटी स्क्रीनवर.

स्क्रीनवरून आठवलं, एक मूर्खपणा सांगून टाकतो. मी परीक्षा बुक केली कॉम्प्युटरवरची आणि सराव केला कागदावरचा. कागदावर शेवटी उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळायची, कॉम्प्युटरवर फक्त २ मिनिटं, तपासायला. हे मला परीक्षेच्या बारा दिवस आधी कळलं. मग उरलेले दिवस ऐकता ऐकता थेट टाइप करायची सवय, एक डोळा प्रश्नावर, एक डोळा किबोर्डवर. बुक करतानाच हे बघून घ्या.

परीक्षेच्या दिवशी पहिलाच पेपर लिसनिंग. हेडफोन तपासायला देतात तेव्हा लाजायचं नाही, आवाज आपल्याला पाहिजे तेवढा करून घ्यायचा. माझ्या डावीकडची मुलगी इतक्या जोरात टाइप करत होती की मला वाटलं हिला आत्ताच उत्तर मिळालं आणि मला नाही, आणि त्या विचारात तिसऱ्या भागातले दोन प्रश्न गेले. ते अजून आठवतात. चौथा भाग मात्र असा गेला की मला स्वतःला आश्चर्य वाटलं, लेक्चर चालू होतं आणि मी मराठी करत नव्हतो, नुसता ऐकत होतो. संपल्यावर लक्षात आलं.

लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६, स्पीकिंग ६.५. बेरीज २७, भागिले चार ६.७५, आणि .७५ असलं की वर ढकलतात म्हणून ओव्हरऑल ७. रायटिंगबद्दल मला कोणी विचारू नका.

आईला फोन केला, म्हटलं सात आले. ती म्हणाली, "कितीपैकी?" मी म्हटलं नऊपैकी. "मग दोन कुठं गेले?"

आता जर्मनचा क्लास लावलाय, ए वन, म्हणजे अगदी पहिली पायरी. पहिल्या तासाला मॅडमनी ऑडिओ लावला, एक माणूस स्टेशनवर काहीतरी अनाउन्समेंट करत होता, मला त्यातलं फक्त "म्युन्शेन" (म्हणजे आपलं म्युनिक) कळलं आणि ते पण मी मशीन लिहिलं. पण मग त्या म्हणाल्या की त्यांच्या परीक्षेत बरेचसे ऑडिओ दोनदा वाजवतात. दोनदा! मी शेजारच्या मुलाकडं असं काही बघितलं की तो घाबरून जरा बाजूला सरकला. संध्याकाळी येताना नवीन शंभर पानी वही आणि लाल पेन घेतलाय.